कडकडाट, पण म्यूटवर

वीज म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर डीपीच्या पेटीवर कवटीशेजारी रंगवलेला तो लाल बाण येतो. वाकडातिकडा, टोकदार, वरून खाली आलेला. कार्टूनमध्ये तोच, रॉक बँडच्या काळ्या टी-शर्टवर तोच, मोबाइलच्या चार्जिंगच्या खुणेतही तोच. आपण सगळे जमिनीवर उभे राहून बघतो ना, त्यामुळे वीज म्हणजे आकाशातून जमिनीवर मारलेली रेघ, हे आपलं पक्कं झालंय.

आता जरा वरून बघू या. जरा म्हणजे ३६ हजार किलोमीटरवरून.

तिथून रेघबिघ काही दिसत नाही, बॉस. दिसतो तो नुसता ढग, आणि त्याच्या पोटात कुणीतरी ट्यूबलाइट लावायचा प्रयत्न करतंय पण स्टार्टर गेलाय, असा काहीसा प्रकार. भक्क... भक भक... भक्क. ढगातले पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण विजेचा प्रकाश इकडून तिकडे टोलवतात, आणि ढगाच्या डोक्यावर पोचेपर्यंत त्या रेघेचा आठ-दहा किलोमीटरचा उजळलेला डाग झालेला असतो. दुधी काचेच्या दिव्यासारखा. दिवा कळतो, आतली तार दिसत नाही. आणि आवाज? शून्य. अख्खा कडकडाट म्यूटवर.

साधारण तीस वर्षं काही शास्त्रज्ञ मंडळी हे मूकपट शूटिंग करताहेत. मी गेले काही दिवस त्यांचाच उद्योग वाचत बसलोय, आणि खरं सांगू का, एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी ऑफिसच्या काचेपाशी उभं राहून वळीव बघायची माझी पद्धतच त्यामुळे बदललीय.

वरून वीज बघायची हौस तशी जुनी. १९८१ च्या नोव्हेंबरात कोलंबिया शटल दुसऱ्यांदा उडालं, तेव्हा अंतराळवीरांकडे विजा टिपायला मूव्ही कॅमेरा दिला होता. रात्री ठीक आहे हो, अंधारात काहीही चमकलं की दिसतं. पण जगातली बहुतेक वादळं तापतात दुपारी. आणि दुपारी ढगाचा माथा उन्हात इतका लख्ख पांढरा असतो, की त्याच्यापुढे वीज म्हणजे किस झाड की पत्ती! आठवतं का, सचिन बॅटिंगला उतरला की वानखेडेच्या स्टँडमध्ये कॅमेऱ्यांचे फ्लॅश चमचमायचे? डे-नाइट मॅच असली तर काय नजारा असायचा. भर दुपारच्या कसोटीत तेच फ्लॅश कुणाला दिसायचे?

तर शास्त्रज्ञांनी यावर एक भन्नाट जुगाड केला. एक नाही, तीन-चार एकदम. विजेच्या वाटेतली हवा प्रचंड तापते, तेव्हा तिच्यातले ऑक्सिजनचे अणू ७७७.४ नॅनोमीटर तरंगलांबीला जोरात झळकतात. हा लाल रंगाच्या थोडा पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश. मग कॅमेऱ्यापुढे असा फिल्टर लावायचा, की फक्त तेवढीच बारीक फट उघडी राहील. म्हणजे ऊन बहुतेक सगळं बाहेर, वीज आत. दुसरं म्हणजे सेकंदाला २५-३० नाही, तर ५०० फ्रेम काढायच्या. एक फ्रेम दोन मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात उन्हाचा प्रकाश फार साठत नाही, पण विजेचा झटका मात्र पुरा येतो. आणि शेवटी प्रत्येक फ्रेममधून आधीच्या फ्रेमांची सरासरी वजा करायची. ढग तसाच असतो, तो वजा होऊन जातो. जे अचानक बदललं तेच उरतं.

गंमत म्हणजे हा कॅमेरा मेगापिक्सेलच्या भाषेत अगदी गरीब. अमेरिकेच्या 'गोज-१६' या उपग्रहावर २०१६ मध्ये गेलेल्या विजेच्या कॅमेऱ्यात १३७२ गुणिले १३०० ठिपके आहेत. करा हिशोब. जेमतेम १.८ मेगापिक्सेल! तुमच्या पहिल्या कॅमेरावाल्या नोकियाच्या आसपास. त्याच्या एका ठिपक्यात आठ ते चौदा किलोमीटरचा तुकडा मावतो. म्हणजे अख्खं दादर-माटुंगा-सायन-कुर्ला एका ठिपक्यात. पण विजेने उजळलेला ढगाचा डागच मुळात तेवढा असतो, तर आणखी बारीक बघून करायचं काय? हे मला फार आवडलं. सगळं जग मेगापिक्सेल वाढवत सुटलेलं असताना, आपल्याला काय बघायचंय हे आधी ठरवून त्याच मापाचा डोळा बनवणारी ही माणसं.

पण हा ३६ हजार किलोमीटरवरचा डोळा नंतरचा. पहिला नेमका डोळा वर गेला १९९५ च्या एप्रिलमध्ये. तो होता ७४० किलोमीटरवर. त्याने पाच वर्षं पृथ्वीभोवती फिरून आधी एक जुना आकडा मोडीत काढला. १९२५ साली ब्रूक्स नावाच्या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने अंदाज बांधला होता, की जगभरात दर सेकंदाला शंभर विजा चमकतात. पाऊणशे वर्षं सगळी पुस्तकं हाच आकडा छापत होती. उपग्रहाने मोजल्या तर निघाल्या सरासरी ४४. निम्म्याहून कमी! तरी ४४ म्हणजे काही थोडक्या नव्हेत. दिवसाला ३८ लाख. वर्षाला सुमारे १३९ कोटी, म्हणजे भारतातल्या जवळजवळ माणशी एक.

आणि त्या पडतात कुठे, तर मुख्यतः जमिनीवर. समुद्रावर एक, तर जमिनीवर दहा, असं साधारण प्रमाण निघालं. समुद्रावरही ढग उंच जातात, पण जमीन झपाट्याने तापते, वरचढ वारे जोरकस होतात आणि सगळा खेळ त्या वाऱ्यांचाच आहे. आपला पावसाळाही याचाच नमुना. सगळ्यात जास्त कडकडाट एप्रिल-मे-जूनच्या सुरुवातीला आणि परत जाताना ऑक्टोबरात. भर जुलैत आठ-आठ दिवस झड लागते, पण ढग कसे मुकाट्याने बरसतात. पाऊस भरपूर, वीज थोडी.

१९९७ च्या नोव्हेंबरात जपानमधून 'टीआरएमएम' नावाचा पाऊस मोजणारा उपग्रह उडाला, त्यावर याच डोळ्याची सुधारलेली आवृत्ती होती. तो २०१५ पर्यंत टिकला. त्याच्या १६ वर्षांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये जगातली 'विजेची राजधानी' ठरली ती व्हेनेझुएलातलं माराकाइबो सरोवर. वर्षाला दर चौरस किलोमीटरला २३३ विजा. त्याआधी पहिला नंबर काँगोच्या खोऱ्याचा धरत. या डोळ्याचा एक जुळा भाऊही होता, सुटा भाग म्हणून बनवून ठेवलेला. तो सुमारे वीस वर्षं कपाटात पडून होता. कुणी म्हणालं, अरे, चालतोय ना, पाठवा की! २०१७ मध्ये तो अवकाश स्थानकावर नेऊन बसवला आणि पठ्ठ्याने २०२३ पर्यंत काम केलं. नव्वदच्या दशकातलं यंत्र! माझा लॅपटॉप चार वर्षांत रडायला लागतो.

पण या फिरत्या डोळ्यांची एक पंचाईत होती. ते एका जागेवर नजर ठेवणार फार तर काही मिनिटं. फास्ट लोकलमधून मधलं स्टेशन बघावं तसं. प्लॅटफॉर्म दिसला, भांडण चाललेलं दिसलं, पुढे काय झालं कोण जाणे. वर्षानुवर्षांची सरासरी काढायला हे चालतं. पण हे समोरचं वादळ आत्ता वाढतंय की विरतंय, हे त्यातून कळायचं नाही. त्यासाठी डोळा एका जागी रोखून बसायला हवा. म्हणून मग ३६ हजार किलोमीटर. त्या उंचीवर उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणजे खालच्या माणसाच्या दृष्टीने एका जागी टांगलेला. 'गोज-१६' अमेरिका खंडांवर असा रोखून बसला, आणि मग गोष्ट बदलली.

काय बदललं ते सांगतो, कारण मला सगळ्यात रोचक भाग हाच वाटतो. ढगात वीज बनते ती घासाघाशीतून. वरचढ वारा वाफ खेचून वर नेतो. वर गोठलेल्या पट्ट्यात बर्फाचे हलके कण आणि जड, मऊ गारा एकमेकांवर आपटतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली रेंगाळतात. फरक फार वाढला की ठिणगी. आता वाऱ्याचा जोर एकदम वाढला तर काय होईल? घासाघाशी वाढेल. विजा वाढतील. आणि यातल्या बहुतेक विजा जमिनीवर येतच नाहीत, ढगातल्या ढगात संपतात. खालच्या माणसाला नुसती धूसर चमक दिसते, पण वरच्या डोळ्याला हिशोब लागतो. मिनिटाला पाच, सात, सहा, आणि अचानक वीस, तीस! याला 'लायटनिंग जंप' म्हणतात. अशी उडी दिसली की त्या ढगातून पुढे मोठ्या गारा, झंझावात, कधी कधी चक्रीवावटळ येण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतले हवामानवाले रडारच्या जोडीला हे बघतात. जिथे रडार पोचत नाही अशा समुद्रावर तर हाच डोळा कामी येतो. जानेवारी २०२२ मध्ये पॅसिफिकमधला टोंगाजवळचा समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याच्या राखेच्या लोटात मिनिटाला २,६०० च्या वर विजा मोजल्या गेल्या. त्यात उपग्रहाचाही वाटा होता.

आणि मग आली ती अवाढव्य वीज.

२२ ऑक्टोबर २०१७. अमेरिकेत टेक्सासच्या पूर्व भागात एक वीज सुरू झाली आणि ढगातल्या ढगात सरपटत पार कॅन्सस सिटीच्या जवळ जाऊन पोचली. ८२९ किलोमीटर. सीएसएमटीहून विदर्भ एक्स्प्रेस पकडून नागपूरला जाता ना, रात्रभर प्रवास करून? जवळजवळ तेवढं अंतर, काही सेकंदांत, आणि एकच वीज! आणखी गंमत पुढेच. २०१९ मध्ये या वादळाचा अभ्यास झाला, तेव्हा ही वीज कुणाच्या लक्षातच आली नव्हती. पुन्हा सगळ्या नोंदी उकरल्या तेव्हा सापडली, आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तिला विक्रम म्हणून मान्यता दिली. वेळेचा विक्रम वेगळाच आहे. १८ जून २०२० ला उरुग्वे आणि उत्तर अर्जेंटिनावर एकच वीज १७.१ सेकंद चालली. मोजून बघा सतरा सेकंद. ऑफिसच्या लिफ्टमध्ये बॉसबरोबर असताना मोजा, म्हणजे नीट कळेल.

आपण 'मस्त आहे' म्हणून फॉरवर्ड करून मोकळे होऊ, पण या विक्रमात एक कामाची गोष्ट आहे. अशा लांबच लांब विजा वादळाच्या गाभ्यात होत नाहीत. गाभा पुढे निघून जातो, मागे पसरट, सुस्त, रिपरिप पावसाचा ढग राहतो, शेकडो किलोमीटर पसरलेला. त्याच्या आतून त्या सरपटतात आणि वाटेत कुठेही एखादा फाटा जमिनीकडे सोडतात. म्हणजे आपण ज्याला 'गेला रे पाऊस, चला आता' म्हणतो, तेव्हाच. टर्फवर खेळणारे, राजमाचीच्या वाटेवर आडोशाला थांबलेले, सगळे बाहेर पडतात ते तेव्हाच. शेवटची गडगड ऐकल्यावर अर्धा तास थांबा, असं सगळे हवामानवाले सांगतात, ते यासाठी. आणि थांबायचं ते पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत. बसस्टॉपची शेड, झाड, टपरीचं छत हे पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. बाइकवाल्यांनो, तुमच्या गाडीला टप नाही, हे लक्षात असू द्या.

जाता जाता आपल्या बंगालच्या उपसागराचीही एक गोष्ट. सप्टेंबर २०१५ मध्ये डेन्मार्कचा अंतराळवीर आंद्रेआस मोगेन्सन अवकाश स्थानकावर होता. उपसागरावरच्या एका वादळाचा त्याने खिडकीतून व्हिडिओ काढला. १६० सेकंदांचा. त्यात ढगाच्या माथ्यावर २४५ निळे लखलखाट सापडले, आणि एक निळा फवारा तर ढगातून निघून वर, म्हणजे उलट दिशेला, ४० किलोमीटर उंचीपर्यंत गेला. खालून वर जाणारी वीज! वैमानिक अशा गोष्टी सांगायचे, तेव्हा लोक सहसा विश्वास ठेवत नसत.

आता साहजिक प्रश्न. आपल्या डोक्यावर कुणाचा डोळा आहे? चीनने २०१६ च्या डिसेंबरमध्ये विजेचा कॅमेरा वर नेला, पण त्याची नजर त्यांच्या सोयीची. युरोपने २०२२ च्या डिसेंबरमध्ये नेला, चार कॅमेरे, सेकंदाला हजार फ्रेम. तो युरोप आणि आफ्रिकेवर रोखलेला. आपले इन्सॅट ३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला ३डीएस ढग बघतात, तापमान मोजतात, चक्रीवादळाची वाट दाखवतात, सगळं उत्तम करतात. पण विजेसाठी खास कॅमेरा त्यांच्यावर नाही. २०२५ मध्ये इस्रोच्या शास्त्रज्ञांनी याच इन्सॅटकडून एक वेगळं काम करून घेतलं. जमिनीकडून अवकाशात जाणारी उष्णता कुठे अचानक घटते ते बघायचं. उंच, थंड ढग चढला की ती घटते. त्यावरून वीज होण्याआधी साधारण अडीच तास अंदाज बांधता येतो, असं त्यांनी दाखवलं. डोळा नसताना हाताने चाचपून ओळखण्यासारखं आहे हे, आणि त्यासाठी माझा त्यांना सलाम.

बाकी भिस्त जमिनीवर. पुण्यात पाषाणला आयआयटीएम आहे, तुमच्यापैकी कितीतरी जण रोज तिच्यासमोरून जात असाल. तिने देशभरात ८० हून जास्त ठिकाणी विजेचे रेडिओ सिग्नल ऐकणारी यंत्रं बसवली आहेत. ही बघत नाहीत, ऐकतात. जुन्या रेडिओवर वीज चमकली की खर्रर्र व्हायचं ना, तेच, पण जागा शोधून काढणारं. त्यावरच 'दामिनी' हे ॲप चालतं. आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये विजा होत असतील तर सांगतं. फुकट आहे, मराठीतही आहे, मोबाइलमधले तीन फूड डिलिव्हरी ॲप ठेवून चौथ्याच्या जागी टाकून घ्या.

कारण आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या हिशोबात २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसं गेली. रोज जवळजवळ आठ. आणि ही माणसं तुमच्या-माझ्यासारखी नवव्या मजल्यावरच्या काचेमागची नाहीत. बहुतेक जण खेड्यातली. पेरणीच्या घाईत शेतात असलेली, गुरं आणायला गेलेली, झाडाखाली थांबलेली.

माझा मामा बीडकडे शेती करतो. मागच्या मे महिन्यात गेलो होतो, तेव्हा त्याच्या फोनवर 'दामिनी' टाकून दिलं. मामाने कौतुकाने बघितलं आणि फोन नेहमीसारखा कपाटावर ठेवून दिला.

"मामा, तुम्ही तो शेतात बरोबर न्यायचा आहे."

"अन् चिखलात पडला म्हंजे? बारा हजारांचा हाय. आभाळ आलं की कळतंच रे बाबा आम्हाला."

मी त्यांना ८२९ किलोमीटरची गोष्ट सांगितली. गाभा पुढे गेला तरी मागून कशी येते, ते सांगितलं. मामा गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "असंल. पर पाऊस थांबला की वापसा बघायला जावंच लागतं. तुझा उपग्रह येतोय का पेरायला?"

याच्यावर मी काय बोलणार? 'गोज'च्या कॅमेऱ्यात चमकलेली वीज वीस सेकंदांच्या आत हवामानवाल्याच्या पडद्यावर येते, असं मी मोठ्या कौतुकाने वाचलं होतं. ३६ हजार किलोमीटर वीस सेकंदांत. आणि मग कपाट ते बांध हे पाऊण किलोमीटर.

तोडगा मामीने काढला. फोन घरात, म्हणजे तिच्याजवळ. तो वाजला की ती स्टीलची परात आणि लाटणं घेऊन गच्चीवर जाते आणि जोरजोरात बडवते. वाडीच्या शेतातले सगळे घराकडे निघतात. जूनमध्ये दोनदा असं झालं म्हणे. फोनवर मला हे सांगताना ती भलतीच खूश होती.

मी म्हटलं, "मामी, गच्चीवर नका ना जाऊ. विजा होताहेत म्हणूनच तर तो वाजतो. दारात उभ्या राहून वाजवा."

"आरं, दारातून वाजवल्यावर बांधापतुर कुणाला ऐकू जायचं?"